दहा मैल, अकरा गावे

मी, सेक्स्टस कामुरियस नेपोस, वय वर्षे बहात्तर, पेशाने वक्ता, राहणार कार्नुंटुम, छावणीच्या पूर्वेकडच्या वेशीबाहेर, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, जीभ अजून चालते आणि हे लिहिताना माझ्या मानेवर कुणाची तलवार नाही. गुडघे गेले आहेत, पण त्यांचा या कामाशी संबंध नाही. याआधी मी दोनदा मृत्युपत्र केले होते. ती दोन्ही आज सकाळी चुलीत घातली. दोन्हींत एक गोष्ट लिहायची मी टाळली होती.

या मेणाच्या पाट्यांवरचे अक्षर वाकडे दिसेल. गेली आठ वर्षे माझी पत्रे, अर्ज आणि भाषणे हारिल्डा लिहिते आणि तिचे अक्षर दगडात कोरल्यासारखे असते. परंतु दुसऱ्याच्या मृत्युपत्रात जो स्वतःच्या हाताने स्वतःला काही लिहून घेतो, त्याला आमचा कायदा लबाड ठरवतो. म्हणून ही थरथर माझी आहे. वाचणाऱ्याने सावकाश वाचावे.

पहिले कलम, वारसाचे. नदीपलीकडच्या क्वादी टोळीचा सरदार हारिगास्त याची मुलगी हारिल्डा हीच माझी एकमेव वारस असावी. घर, अंगण, अंगणातली दोन सफरचंदाची झाडे, पुस्तकांच्या गुंडाळ्या आणि माझी लिहिण्याची कलती मेजे तिची. माझ्या मृत्यूची खबर कळल्यापासून शंभर दिवसांच्या आत तिने साक्षीदारांसमोर उभे राहून "मी हा वारसा स्वीकारते" असे मोठ्याने म्हणावे, म्हणजे तो तिचा झाला. तिने ते म्हटले नाही तर घर शहराच्या शाळेला जावे आणि तिच्यावर कुणी कसलाही ठपका ठेवू नये. माझी तिला एकच विनंती आहे. हे सगळे शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तिने ते शब्द उच्चारू नयेत.

नदीपलीकडच्या परक्या माणसाला रोमी नागरिकाचा वारस होता येत नाही, हे मला माहीत आहे. माझा पुतण्या व्हितालिस याला तर ते माझ्याहून जास्त माहीत आहे. त्याचे उत्तर पुढे आहे.

दुसरे कलम, व्हितालिसचे. माझी बायको रेसोना वारल्यानंतरच्या नवव्या दिवसाच्या जेवणाला हा पुतण्या भरल्या घरात मला म्हणाला होता, "काका, रानटी पोरगी घरात पाळलीत. एक दिवस चाकू खुपसेल, मग म्हणू नका सांगितलं नव्हतं." हारिल्डा तेव्हा पाव कापत होती. तिने सगळ्यात जाड तुकडा त्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "चाकू सध्या पावात गुंतलाय हो. तुमचं पोट भरलं की बघू." तो चाकू अजून स्वयंपाकघरात आहे. तो व्हितालिसला द्यावा. दुसरे काही देऊ नये.

तिसरे, वैद्याचे. छावणीच्या वैद्याने वर्षभर माझ्या गुडघ्यांना कोबीची पाने बांधली. त्याला दर हिवाळ्यात माझ्या नावाने एक कोबी पोचवावा.

चौथे, भाषणांचे. माझी सगळी भाषणे जाळावीत. सरहद्दीच्या पट्ट्यावरचे भाषण मात्र जाळू नये, कारण ते आता माझ्या हातात राहिलेले नाही. शहराच्या शाळेत मुले ते पाठ करतात. शिक्षक फिलेतस याला माझी चांदीची लेखणी द्यावी, पण या अटीवर: मुलगा "दहा मैल!" इथे आला आणि त्याने दोन्ही हात वर केले की मास्तरांनी त्याला तिथेच थांबवून विचारावे, "दहाच का?" मुलाला उत्तर देता येणार नाही. मलाही आले नव्हते.

आता ती गोष्ट लिहितो.

सतरा वर्षांपूर्वी, तेव्हाचे सम्राट आपल्या या नदीकाठी तीन वर्षे मुक्काम ठोकून होते. क्वादींनी दानुब ओलांडून आपली शेते जाळली होती आणि गुरे दावणीला बांधावीत तशी माणसे बांधून नेली होती. पहिल्या उन्हाळ्यात सम्राटांनी होड्यांचा पूल टाकला आणि सैन्य पलीकडे घातले. दुसऱ्या हिवाळ्यात नदी गोठली आणि बर्फावरच लढाई झाली. शिपाई ढाली पायाखाली टाकून त्यांच्यावर उभे राहिले, म्हणून घसरले नाहीत. तिसऱ्या वसंतात हारिगास्तचे दूत हिरव्या फांद्या घेऊन आले. लढाई संपली आणि बोलणी सुरू झाली. मी प्रांताच्या वतीने बोलणारा माणूस. माझी वेळ तेव्हा आली.

सम्राटांच्या अटी साध्या होत्या. पळवलेली माणसे परत करा. बाजाराला फक्त ठरल्या दिवशी नदी ओलांडा. ओलीस द्या. आणि नदीच्या तुमच्या काठाला एक पट्टा मोकळा सोडा, त्यात घर नको, गुरे नकोत, चूल नको.

क्वादींनी माणसांची पहिली नाव पाठवली. मी धक्क्यावर उभा होतो. नावेतून उतरले ते सगळे म्हातारे, लंगडे, आजारी. कामाचे हात त्यांनी ठेवून घेतले होते. माझ्या शेजारी एक बाई उभी होती. ती प्रत्येक चेहऱ्याकडे बघून मला विचारत होती, "ही माझी सून आहे का हो? माझे डोळे गेलेत. तुम्ही बघून सांगा ना." शेवटचा माणूस उतरला तरी ती विचारतच होती.

तो राग घेऊन मी दुसऱ्या दिवशी सम्राटांच्या मंडपात उभा राहिलो. त्या रागाची मला आजही लाज वाटत नाही. अन्यायाने ज्याचे रक्त तापत नाही त्याने बोलायला उभे राहू नये, असे मी चाळीस वर्षे शिकवले आहे आणि अजून मानतो. पुढचे मात्र ऐका.

माझ्या हातातल्या भाषणात पट्टा पाच मैलांचा होता. तो आकडा माझा नव्हता. छावणीचा मोजणीदार डुरियस कापितो याने तो काढला होता: पाच मैल म्हणजे घोडेस्वारांच्या तुकडीने सकाळी जाऊन, सगळा पट्टा बघून, अंधाराच्या आत परतायचे अंतर. तेवढ्याने काम भागत होते.

वक्त्याचा डावा हात अंगवस्त्राचा घोळ धरून असतो. बोलतो तो उजवा. लहानपणापासून छडी खाऊन आम्ही हे शिकतो. मी बोलत गेलो. त्या बाईची सून सांगितली, दावणीला बांधलेली माणसे सांगितली. शिपाई ढाली बडवू लागले. मंडप उसळला. मी आकड्यापाशी आलो. पाच म्हणजे एक पंजा. एवढ्या गर्जनेपुढे एक पंजा मला भिकाऱ्याच्या हातासारखा वाटला. मी डाव्या हातातला घोळ सोडून दिला. अंगवस्त्र खांद्यावरून खाली पडले. दोन्ही हात आकाशात नेले, दहाही बोटे पसरली आणि ओरडलो, "दहा मैल!"

असे कुणी कधी केले नव्हते. लोक उभे राहिले.

सम्राटांनी एकच प्रश्न विचारला, "दहाच का?"

मी तिथल्या तिथे कारण बनवले. चोरट्या घोड्याची एका रात्रीची धाव, असे काहीतरी. मी जे काही वाचले होते ते सगळे त्या क्षणी माझ्या मदतीला धावून आले. विद्वान माणसाला कारणे कधी कमी पडत नाहीत. सम्राटांनी मान हलवली आणि लेखनिकाने आकडा लिहिला.

त्या संध्याकाळी सगळे माझ्या पाठीवर थापा मारत होते. कापितो तेवढा माझ्यासमोर येऊन बसला.

"नेपोस, माझा आकडा पाच होता."

"अरे, सभा बघितलीस ना? पाच तिथं पडलाच असता."

"पाच आणि दहाच्या मध्ये अकरा गावं आहेत."

"नकाशावर तर काही नाही."

"नकाशावर नाहीत. जमिनीवर आहेत. मी तिथलं पाणी प्यायलोय." त्याने पेला पालथा घातला. "सकाळी सम्राटांकडे जा. चुकून बोललो म्हण. अजून शपथ व्हायचीय."

मी गेलो नाही. वाचणाऱ्याने माझे पाप शोधताना मंडपात थांबू नये. मंडपात झाली ती चूक होती. पाप त्या सकाळचे आहे. त्या सकाळी मी जागा होतो, धडधाकट होतो, सम्राटांचा तंबू तीनशे पावलांवर होता आणि मी न्हाव्याकडून दाढी करून घेत बसलो. सगळे शहर माझ्या दोन हातांबद्दल बोलत होते. त्यातला एक हात मला परत घ्यावासा वाटला नाही.

दुपारी क्वादींनी तलवारी उपसल्या आणि त्यांच्या रीतीप्रमाणे नागव्या पात्यांवर शपथ घेतली. हारिगास्तने आपली मुलगी ओलीस दिली. पीक निघायच्या आधी सैन्याने अकरा गावे जाळली. हिवाळ्यात लोक बर्फातून उत्तरेला गेले.

दोन वर्षांनी हारिगास्त इमानाने वागतो असे पाहून सम्राटांनी पट्टा निम्मा केला. दहाचे पाच. कापितोने पत्र वाचून दाखवले आणि निघून गेला. परत मिळालेल्या जमिनीवर तोवर झुडपे वाढली होती. कुणी आले नाही.

मला अजूनही वाटते की सरहद्द राखायला सैन्य लागते. कवितेने नदी अडत नाही. पण ओसाड जमीन म्हणजे शांतता, असे जो सांगेल त्याला माझ्याकडे पाठवा. मी मेलो असेन तर हे वाचायला द्या.

पाचवे कलम, बुटांचे. ओलीस मुले प्रतिष्ठित घरांत ठेवायची पद्धत होती. रेसोनाने हट्टाने हारिल्डाला मागून घेतले. नऊ वर्षांची पोर दारात उभी राहिली तेव्हा तिच्या पायांत मोठ्या बाईचे कातडी बूट होते, आत लोकर कोंबलेली. तिच्या आईचे. त्याच हिवाळ्यात आई उत्तरेच्या वाटेवर वारली, ही खबर आम्हांला बाजाराच्या दिवशी कळली. रेसोनाने दर वर्षी त्या बुटांना चरबी चोळली. ते लाकडी पेटीत आहेत. ते माझे नाहीत, म्हणून मी ते देऊ शकत नाही. फक्त परत करतो.

पट्टा मी मागितला हे हारिल्डाला माहीत आहे. सगळ्या शहराला आहे. शाळेसाठी त्या भाषणाच्या दोन प्रती तिनेच केल्या. "दहा" तिच्याच अक्षरात आहे. माझ्या हातात पाच होते, हे तिला माहीत नाही. रेसोना शेवटच्या आजारात म्हणाली होती, "तिला सांगा. मी सांगितलं तर ती तुम्हाला माफ करेल, माझ्याकडे बघून. म्हणून तुम्ही सांगा." मी हो म्हणालो आणि पुढे तीन वर्षे काही बोललो नाही.

सहावे कलम, पत्राचे. मी आताच्या सम्राटांकडे हारिल्डासाठी नागरिकत्व मागितले होते. जुन्या भाषणाची पुण्याई वापरली, दुसरे काही माझ्याकडे नव्हते. मंजुरीचे पत्र वसंतात आले. ती आता रोमी नागरिक आहे, म्हणून ती माझी वारस होऊ शकते. व्हितालिसला हे उत्तर. आणि नागरिकाला ओलीस ठेवता येत नाही, म्हणून ती वाटेल तेव्हा नदी ओलांडून जाऊ शकते. पत्र माझ्या भाषणाच्या पेटीत तळाशी आहे. माझ्या मृत्यूनंतर ते तिला द्यावे.

सातवे, ट्रिटोचे. माझा गुलाम ट्रिटो, स्वयंपाकी, माझ्या मृत्यूच्या दिवसापासून स्वतंत्र असावा.

वरचे लिहून चार दिवस झाले. आता पुढचे.

सातवे कलम मी ट्रिटोला वाचून दाखवले. वाटले होते, रडेल. तो हातातली पळी खाली न ठेवता म्हणाला, "धनी, उपकार आहेत. पण एक बोलू?"

"बोल."

"सगळं तुमच्या मरणानंतर. मी मोकळा, मरणानंतर. अजून कुणाला काय, ते मरणानंतर. मग माणसं सकाळी उठून तुमचा श्वास चालू आहे का बघणार, आणि तुम्ही म्हणणार, काय माया आहे बघा."

"जीभ फार चालायला लागली तुझी."

"तुमच्या घरात पंचवीस वर्षं काढली. भिंतीसुद्धा भाषण करतात इथं."

सातवे कलम खोडले आहे. ट्रिटो तीन दिवसांपासून स्वतंत्र आहे. न्यायाधीशासमोर त्याला मोकळे केले. आता तो मजुरी घेतो आणि मिठावरून बोललेले ऐकून घेत नाही.

मग मी सहावे कलमही खोडले. पत्र पेटीतून काढले, बूट काढले, या पाट्या उचलल्या आणि अंगणात गेलो. हारिल्डा वाळवायला सफरचंदाच्या चकत्या करत होती. मी पत्र तिच्या हातात दिले. तिने उभ्यानेच वाचले.

"कधी आलं हे?"

"वसंतात."

"आणि आता सफरचंदं वाळत घालायची वेळ झाली." तिने पत्राची घडी नीट पूर्ववत घातली. "का ठेवलंत?"

"गेली असतीस."

"गेले असते की. गेले म्हणजे परत आलेच नसते, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" मग पाट्यांकडे बघून म्हणाली, "अजून काय आणलंय, वक्तेबुवा? आज वाचन आहे वाटतं."

ती मला नेहमी असेच म्हणते. बाबा कधी म्हणाली नाही. मीही कधी मागितले नाही.

मी बसून सगळे वाचले, पहिल्या कलमापासून. चाकूच्या कलमाला ती हसली. भाषणापाशी, पाचपाशी, तिचा हात थांबला. मी थांबलो.

"वाचा ना. थांबू नका."

मी बुटांपर्यंत वाचत गेलो. ट्रिटो आतून काहीतरी न्यायला आला आणि तसाच परत गेला.

"आमचं लिंदारा आठव्या मैलावर होतं," ती म्हणाली. "पाचात आलं नसतं."

"नाही."

"आई घरात असती."

"हो."

"वक्तेबुवा, एका हातानं बोलता आलं नसतं का?"

चाळीस वर्षे मी लोकांना उत्तरे शिकवली. मी पाटी मिटून मांडीवर ठेवली.

ती पुन्हा चकत्या करू लागली. दोन सफरचंदे झाली. मग म्हणाली, "अकरा गावं, अकरा गावं, असं लिहिलंय तुम्ही. एकाचं तरी नाव लिहा की."

"मला माहीत नाहीत."

"सतरा वर्षं मी याच घरात होते. विचारायचंत."

"विचारलं असतं तर का विचारतोय ते सांगावं लागलं असतं."

"आता सांगून झालंय ना? मग उचला लेखणी. मी सांगते, तुम्ही लिहा. एवढ्या वर्षांत उलटंच चाललंय आपलं."

तिने सांगितली तशी लिहितो. हासुल. ब्रोकवांग, जिथे दर वर्षी घोड्यांचा मेळा भरायचा. मारहाम. एस्कलो, तिथला मध काळा असायचा. लिंदारा, तिचे. वुल्फाव. थोर्नाक, तिथली माणसे भांडकुदळ म्हणून मुली द्यायला लोक नाखूष असत.

इथे ती अडली. बोटांवर पुन्हा मोजले. "सातच आठवतात. बाकीची चार..." ती थांबली. "मी नऊ वर्षांची होते हो."

"राहू दे."

"राहू कसं देऊ? परवा बाजारची नाव आहे. मावशी उत्तरेला असेल तर तिला ठाऊक असेल. नसेल तर दुसऱ्या कुणाला तरी."

मी विचारले. विचारायचा हक्क नव्हता, तरी विचारले. "परत येशील?"

"वचन मागताय?" तिने हात वर करून दाखवला. "आमच्यात वचन तलवार उपसून देतात. माझ्याकडे सफरचंदाचा चाकू आहे."

मग तिने बूट घेतले. आतली जुनी लोकर उपटून बाहेर काढली आणि अंगणातच पायांत चढवून बघितले. दोन पावले चालली. बरोबर बसले.

ती आज सकाळच्या नावेने गेली. ट्रिटोने वाटेसाठी पाव आणि भाजलेला हंस दिला. ती गुडघ्यांना जपा म्हणाली. दुसरे काही म्हणाली नाही.

शेवटचे कलम. या शेवटच्या पाटीवर सात नावांच्या खाली चार ओळी मी कोऱ्या ठेवल्या आहेत. आज शिक्के मारायला साक्षीदार जमले तेव्हा कापितो म्हणाला, "कोरी जागा ठेवू नकोस. कुणी काहीही लिहील, मग कज्जा होईल."

"कापितो, तुझ्या अकरा गावांपैकी चार आहेत ती."

त्याने पाटी हातात घेऊन सात नावे एकेक करून वाचली. मग म्हणाला, "थोर्नाकचं पाणी खारट होतं," आणि सगळ्यांत आधी शिक्का मारला.

मी मेल्यावर शिक्के फुटतील तेव्हा हारिल्डा इथे असेल तर त्या ओळी तिने तिच्या हाताने भराव्यात. ते लबाडी धरू नये. त्यात ती स्वतःला काहीच लिहून घेत नाही. नावे भरली म्हणजे घर घेतले असे कुणी समजू नये. ती नावे भरून, घर नाकारून, त्याच बुटांनी परत गेली तर तिला धक्क्यापर्यंत सोडायला जावे. ती आलीच नाही तर ओळी कोऱ्या राहू द्याव्यात. त्यांत अंदाजाने कुणी काही भरू नये. अंदाजाने मी एकदा बोललो आहे.

माझ्या चितेपाशी भाषण नको.

हे सर्व मी स्वखुशीने, माझ्या उजव्या हाताने लिहिले. डावा हात मांडीवर होता.

सेक्स्टस कामुरियस नेपोस

शिक्के मारून साक्ष देणारे सात:
डुरियस कापितो, सैन्याचा निवृत्त मोजणीदार
फिलेतस, शिक्षक, लेखणीची अट मान्य करून
व्हेनुकियस सुरा, छावणीचा वैद्य. कोबीबद्दल निषेध नोंदवून
आउलस बेसियस, जहाजी
मोगेटियस जुव्हेनिस, चांभार
काल्व्हियस टर्टुलस, शेजारी
सेक्स्टस कामुरियस ट्रिटो, स्वतंत्र नागरिक. धन्याच्या नावाने हा त्याचा पहिला शिक्का

कार्नुंटुम, दानुबच्या उजव्या काठी. सप्टेंबर महिन्याच्या मध्याआधी तिसरा दिवस, शपथेचे सतरावे वर्ष, बाजारची नाव पलीकडे पोचल्यावर.